डाव्या हाताची मुरड

यंदा मटार जरा उशिराच आला. परवा संध्याकाळी खराडीच्या ऑफिसातून घरी निघाले, तर कोपऱ्यावरच्या हातगाडीवर ओल्या गोणपाटावर शेंगांचा हिरवागार ढीग दिसला. गाडीवाल्याने एक शेंग अंगठ्याने फोडून माझ्यापुढे धरली. दाणे गोड होते. घरात बाबा धरून माणसं चार, त्यातला मुलगा ताटातला मटार वेचून बाजूला ठेवणारा, तरी मी दोन किलो घेतला. का घेतला, ते पिशवी ओट्यावर ठेवल्यावरही मला सांगता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा गॅलरीतल्या उन्हात खुर्ची ओढून शेंगा सोलत बसले. ऐंशीला आलेत ते. शेंग हातात आली की आधी देठ बघतात, मग शीर ओढतात, मग आत किती दाणे आहेत ते पाहून परातीत टाकतात. जन्मभर सरकारी कागद वाचले तसंच. मी चहा घेऊन गेले, तर वर न बघता म्हणाले, "याचं काय करणार आहेस?"

"उसळ."

"हं," ते म्हणाले. आणि बऱ्याच वेळाने, "बरं."

एवढंच बोलणं. पण मला आत येऊन ओट्याला टेकून उभं राहावं लागलं. चार वर्षांपूर्वीचा तो हिवाळा मी कुणाला धड सांगितलेला नाही, कारण सांगायला लागले की तो माझ्याच हातात विसकटतो. आधी वास येतो, मग एका दुकानातल्या काकूंचा आवाज येतो, मग बाबांच्या स्वेटरवरचे कण दिसतात. अर्थ मात्र लागत नाही.

आई त्या वर्षी श्रावणात गेली. दोन दिवसांचं आजारपण, तेही आजारपण म्हणावं असं नाही. बाबा धनकवडीच्या घरात एकटे राहिले. माझा नवरा सहा महिन्यांसाठी कामानिमित्त परदेशी होता, मुलगा हॉस्टेलवर. मी खराडीचं घर बंद केलं आणि बॅगा घेऊन बाबांकडे राहायला आले. ऑफिसला आठवड्यातून तीन दिवस जायचं, बाकी दिवस घरूनच काम. दिवाळीनंतर थंडी पडली. पहाटे कात्रजच्या बाजूने धुकं उतरायचं आणि त्यातून दुधाच्या गाड्यांचे नुसते आवाज यायचे. ट्रंकेतून स्वेटर निघाले, घरभर डांबराच्या गोळ्यांचा वास पसरला. आईने विणलेला विटकरी स्वेटर बाबांनी घातला आणि मग तो तीन महिने अंगावरून जवळजवळ उतरलाच नाही.

बाबांचं वेळापत्रक ठरलेलं असे. सकाळी बुद्धवंदना, मग पेपर, मग बारा वाजता जेवण, दुपारी झोप. बाहेरचं खाणं नाही. तेल कुठलं असतं, हात कुणाचे असतात, असं ते म्हणायचे. पण खरं कारण वेगळं होतं, त्याकडे मी येईन. अशा माणसाने डिसेंबरात अचानक रोज चार वाजता मफलर गुंडाळून बाहेर पडायला सुरुवात केली. खांद्याला कापडी पिशवी. पाच-सव्वापाचला परत. मी लॅपटॉपवरून मान वर करून विचारलं, तर म्हणाले, "फिरायला गेलो होतो."

चांगलं आहे, फिरू देत, असं मला वाटलं. मग एके दिवशी दार उघडताना पाहिलं, तर विटकरी स्वेटरवर छातीपाशी पापुद्र्याचे कण. मिशीला तेलाची चकाकी. दुसऱ्या दिवशीही कण. बाबा आणि तळलेला पदार्थ, ही जोडी मला जुळवताच येईना. वाटलं, आई गेल्यामुळे यांचं काही बिनसलंय का? डॉक्टरांना विचारावं का? पण विचारणार काय? "माझे वडील खूश दिसतात" असं?

आठवड्याने त्यांनी एक कागदी पुडी माझ्या टेबलावर ठेवली. "गरम आहे," म्हणाले, आणि आत जाऊन टीव्ही लावला.

पुडीत मटारची करंजी होती. मैद्याचं पातळ, खुसखुशीत आवरण, त्यावर तळणीतले बारीक फोड. मी मीटिंगमध्ये होते. कॅमेरा बंद केला आणि चावले. आत भरडसर कुटलेला मटार, ओलं खोबरं, आलं, कोथिंबीर, मिरची अशी की आधी कळत नाही आणि मग कानापर्यंत जाते, त्यावर लिंबू आणि चिमूटभर साखर. वाफेने जीभ भाजली. पलीकडून कुणीतरी "सुजाता मॅम, आर यू देअर?" असं विचारत होतं आणि मी हातातल्या अर्ध्या करंजीच्या कडेकडे पाहत होते.

करंजीची कड दोन प्रकारे बंद करतात. एक म्हणजे कातण फिरवायचं, पटकन होतं. दुसरी मुरड. कड चिमटीत धरून दुमडत दुमडत वेणीसारखी वळत न्यायची. मुरडीच्या घड्या उजव्या हाताने घातल्या तर एका बाजूला झुकतात. आई डावखुरी होती. तिच्या घड्या उलट्या बाजूला झुकायच्या. आमच्याकडे दिवाळीचं काही नसायचं, आम्ही बौद्ध, आणि बाबांना सणवार मान्य नव्हते. पण माझ्या वाढदिवसाला ती खोबऱ्याच्या गोड करंज्या करायची, आणि मी एकेक करंजी हातात घेऊन आधी ती उलटी वेणी कुरतडून खायची. चाळीस वर्षं मी ती कड ओळखत होते.

ही तीच कड होती. आणि आई जाऊन चार महिने झाले होते.

मी बाहेरच्या खोलीत गेले. "बाबा, ही कुठली?"

"कोपऱ्यावरची."

"कोण करतं?"

"दुकानात कोण करतं ते मला काय माहीत?" टीव्हीचा आवाज त्यांनी दोन घरं वाढवला.

दुकान आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. एका जुन्या इमारतीचा तळमजला, पुढे लाकडी फळीचा काउंटर, बाहेर एक बाक. चालवणाऱ्या उषाकाकू मूळच्या पेठेतल्या. नवरा गेल्यावर इकडे येऊन त्यांनी हे सुरू केलं होतं. मला त्या दुकान ओलांडताना दिसायच्या तेवढ्याच. सत्तरीच्या, काटक, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. काउंटरवर खडूने लिहिलेली पाटी: "करंजी साडेचारला मिळेल. आधी विचारल्यास तेच उत्तर मिळेल."

मी पावणेचारला गेले.

"पाटी वाचता येते ना?" काकू म्हणाल्या.

"घ्यायला नाही आले. विचारायला आले. करंजीची मुरड कोण घालतं?"

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. माझ्याकडे वेळ घेऊन पाहिलं. मग काउंटरची फळी उचलली. "तू सुजाता. ये आत. चपला पायातच असू देत, पाय जळतील नाहीतर. फरशीवर तेल असतं."

आतली खोली लहान होती. कढई, परात, दोन पाट समोरासमोर, कोपऱ्यात मटारच्या सालांचा ढीग. काकू एका पाटावर बसल्या. दुसऱ्यावर बसावं की नाही ते मला कळेना, मी उभीच राहिले. त्यांनी पुरी हातात घेतली, सारण भरलं, आणि उजव्या हाताने उलटी मुरड घालायला लागल्या.

"विमलने शिकवली," त्या म्हणाल्या. "ती समोर बसायची. मी तिचं बघून करायचे, आरशात बघितल्यासारखं. आता सरळ घालायला गेले तर बोटं अडखळतात."

विमल म्हणजे माझी आई. आमच्या घरात बाबांशिवाय तिला कुणी नावाने हाक मारत नसे. या अनोळखी बाईंच्या तोंडी ते नाव इतकं सहज आलं, की आपल्याला न सांगता कुणी आपल्या घराचं कुलूप उघडावं, तसं झालं मला.

मग काकूंनी सांगितलं. आई अकरा वर्षांपूर्वी गिऱ्हाईक म्हणून आली होती. बाकावर बसून करंजी खाल्ली आणि म्हणाली, "सारण बरं आहे. पण कड सुटते तुमची, तेलात मटार तरंगतोय." काकू चिडल्या. "मग तुम्हीच घालून दाखवा की," असं म्हणाल्या. कुणीही बाई एवढ्यावर फणकाऱ्याने निघून गेली असती. आईने पर्स काउंटरवर ठेवली, हात धुतले आणि आत येऊन बसली.

"तेव्हापासून दर हिवाळ्यात. मटार आला की यायची, संपला की बंद. दोन ते साडेचार."

दोन ते साडेचार. त्या वेळेला आई वाचनालयात जायची. अकरा वर्षं आम्हाला तेच माहीत होतं. "वाचनालयात जाऊन येते गं," असं ती फोनवर मला सांगायची आणि मी म्हणायची, "जा."

"ती तुमच्याकडे कामाला होती?" मी विचारलं. आवाज माझा मलाच कडक वाटला.

काकूंचे हात थांबले. "कामाला? ती यायची. मी असायचे." मग म्हणाल्या, "मी तिला वाचून दाखवायचे. तिचे हात पिठात, माझं तळण संपलेलं असलं की पुस्तक काढायचे. जाडजाड कादंबऱ्या वाचल्या आम्ही. तिला मधेच थांबलेलं चालायचं नाही. गिऱ्हाईक आलं तरी म्हणायची, पान संपवा आधी."

म्हणजे ते अगदीच खोटं नव्हतं. पण खरंही नव्हतं. मी तिथे उभी राहून ठरवायचा प्रयत्न करत होते की मला काय वाटतंय, आणि मला मटारच्या सालांचा ओला हिरवा वास तेवढा येत होता.

"यंदा मटार आला," काकू सांगत होत्या, "ती आली नाही. आठ दिवस वाट बघितली. मग तुमच्या सोसायटीच्या वॉचमनला विचारलं. त्याने सांगितलं." त्यांनी पुढची पुरी उचलली. "श्रावणातली गोष्ट मला डिसेंबरात कळली."

मी निघणार होते. पण मग त्यांनी स्वतःहूनच ते सांगितलं. न सांगत्या तर मला कधी कळलंच नसतं, आणि कधीकधी वाटतं, ते बरं झालं असतं.

"एक बाई यायच्या, रोजच्या गिऱ्हाईक," काकू म्हणाल्या. "एकदा म्हणाल्या, करंजी फार सुरेख असते हो, कोण करतं? आपल्यातलंच आहे ना कोणी? मी म्हटलं, हो, आपल्यातलीच. विमल आत बसलेली. तिने ऐकलं."

"मग?"

"मग काय. आत आले तर हसत होती. मुरड घालत होती आणि हसत होती."

"तुम्ही असं का म्हणालात?"

काकूंनी चष्मा काढला. पिठाचे हात अंगापासून दूर धरून माझ्याकडे बघत राहिल्या. "तेव्हा मला गिऱ्हाईक जायची भीती वाटली, म्हणून म्हणाले? की ती खरंच माझ्यातली होती, म्हणून म्हणाले? दोन्ही असेल. आता मला वेगळं करता येत नाही, आणि खोटं कशाला बोलू तुझ्याशी. तिला विचारायचं होतं, तू हसलीस कशाला म्हणून. राहिलं."

मी फळी उचलून बाहेर आले. साडेचार वाजले होते, गिऱ्हाईकं जमायला लागली होती. बाकाच्या टोकाला बाबा बसले होते, कापडी पिशवी मांडीवर घेऊन. त्यांनी मला दुकानाच्या आतून येताना पाहिलं. मी त्यांना पाहिलं. मी सरळ घरी आले.

आता बाबांचं ते खरं कारण. बाबा नोकरीला लागले तेव्हा ऑफिसात चौघे मिळून डबा खायचे. सगळे सगळ्यांच्या भाज्या वाटून घ्यायचे. बाबांच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी सगळ्यांना आवडायची. मग एकाला बाबांचं गाव आणि वस्ती कळली. दुसऱ्या दिवसापासून तिघांची पोटं बिघडली. कुणी वाईट बोललं नाही. नुसतं "आज पोट बरं नाही हो," एवढंच. बाबांनी त्यानंतर अठ्ठावीस वर्षं स्वतःच्या टेबलावर एकट्याने जेवण केलं, डबा झाकायचा नाही, सगळ्यांना दिसेल असा उघडा ठेवायचा. आणि घरात त्यांनी एक नियम केला: आपल्या घरातलं कुणी कुणाच्या स्वयंपाकघरात राबायला जाणार नाही. माझी आजी आयुष्यभर लोकांच्या मागच्या दाराने गेलेली. त्यामुळे हा नियम म्हणजे त्यांच्यासाठी नुसता नियम नव्हता. घराचा पायाच होता तो.

आणि त्यांची विमल अकरा हिवाळे एका पडद्याआड बसून करंज्या वळत होती, आणि पुढे काउंटरवर तिच्याबद्दल "आपल्यातलीच" असं सांगितलं जात होतं.

बाबांना हे कळलं तर काय होईल, या विचाराने माझे पुढचे आठ-दहा दिवस गेले. रागही येत होता, पण तो रोज जागा बदलायचा. सकाळी काकूंवर, आंघोळीला गेले की त्या रोजच्या गिऱ्हाईक बाईंवर, दुपारी आईवर. ती हसली का? अपमान गिळण्याचं ते हसणं होतं? की कुणाला तरी चांगलं फसवल्याचं? की आपल्याला "आपल्यातली" म्हटल्याचा आनंद? तिचा चेहरा आठवून त्यावर तीनही हसू लावून बघायची. तिन्ही बसायची.

एक दिवस ऑफिसला करंज्या घेऊन गेले. खराडीतल्या आमच्या मजल्यावर निम्मी मुलं बाहेरगावची. डबे एकत्र उघडतात, तिथे पोटं बिघडत नाहीत, निदान तसं सांगत तरी नाहीत. नव्याने लागलेली एक मुलगी खाताना डोळे मोठे करून म्हणाली, "मॅम, कसली भारी आहे ही! होममेड? कुणी केली?"

"आईने," मी म्हटलं.

माझ्या शेजारच्या बाईला आई गेल्याचं माहीत होतं. तिने माझ्याकडे बघितलं आणि पाण्याची बाटली पुढे सरकवली. त्या मुलीने पुढे विचारलं, "मॅम, तुम्ही प्रॉपर पुण्याच्याच ना? सदाशिव पेठ टाइप?" माझं लग्नानंतरचं आडनाव असं आहे की त्यावरून काही कळत नाही. मी हसले. हसून म्हटलं, "हो, प्रॉपर पुण्याची." आणि विषय बदलला.

घरी येताना गाडीत मला माझंच ते हसू ऐकू येत होतं. तेही कसलं होतं, मला सांगता आलं नसतं.

शेवटी बोलणं बाबांनीच काढलं. रविवारची सकाळ होती. ते अंगणाकडच्या खिडकीत बसून नखं कापत होते. वर न बघता म्हणाले, "त्या बाईंनी तुला काय काय सांगितलं?"

मी म्हटलं, "तुम्हाला काय काय माहीत आहे?"

त्यांनी कापडी पिशवी आणायला सांगितली. आत एक जाड कादंबरी होती, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली. पहिल्या पानावर उषाकाकूंचं नाव आणि दुकानाचा पत्ता. मध्ये खूण म्हणून कागदी पुडीचा तेलकट तुकडा. आईच्या कपाटात सापडली होती. बाबा आधी वाचनालयात गेले होते, पुस्तक परत करायला. तिथल्या माणसाने वही उघडून सांगितलं, हे आमचं नाही, आणि या बाईंची वर्गणी तर केव्हाच बंद झालीय. मग बाबांनी आतलं नाव वाचलं आणि दुकान शोधलं.

"परत द्यायला गेलो होतो," ते म्हणाले. "साडेचारची वेळ. त्या बाईंनी विचारलं, किती देऊ? मी म्हटलं, एक. बसून खाल्ली. कड बघितली." नखं कापायचं थांबवून ते खिडकीबाहेर बघत राहिले. "पुस्तक द्यायचं राहिलं. मग रोजच राहायला लागलं."

"त्या तुम्हाला ओळखत होत्या?"

"बोलल्या नाहीत. पण करंजी देताना माझ्या स्वेटरकडे बघायच्या."

मी त्यांना सगळं सांगितलं. पर्स ठेवून हात धुतल्याचं, वाचून दाखवण्याचं, आणि आढेवेढे घेत ते "आपल्यातलीच"सुद्धा. ते सांगताना माझा आवाज बारीक झाला. बाबा ओरडतील, निदान उठून आत जातील, असं मला वाटलं होतं. ते तसेच बसून राहिले. चेहऱ्यावर राग नव्हता. गणित सुटत नसलेल्या मुलासारखे दिसत होते ते.

"तिने मला विचारलं का नाही?" ते म्हणाले.

"विचारलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता?"

"नाही म्हटलं असतं."

"मग?"

"मग बरोबर आहे," ते म्हणाले, आणि लगेच, "बरोबर नाही. माझ्या आईला मागच्या दाराने जाताना बघितलंय मी. हिलाही माहीत होतं ते. आणि तरी..." ते थांबले. "पण हिला तिथे कुणी बोलावलं नव्हतं गं. हीच हात धुऊन आत गेली. मग हे राबणं झालं का? तू शिकलेली आहेस. तू सांग."

मला सांगता आलं नाही. आजही येत नाही. उन्हाचा चौकोन त्यांच्या पायावरून माझ्या पायावर आला.

त्यानंतरचा आठवडा बाबा कुठेच गेले नाहीत. चार वाजले की घड्याळाकडे बघायचे आणि पेपर पुन्हा उघडायचे, सकाळीच वाचून झालेला. मला वाटलं, संपलं आता हे. थंडीही ओसरायला लागली होती. बाजारातल्या शेंगा जून, पिवळट दिसायला लागल्या होत्या, दाणे पिठूळ. शुक्रवारी मी घरीच होते. साडेतीनला बाबा खोलीतून बाहेर आले. दाढी केलेली, इस्त्रीचा पांढरा शर्ट, वर तोच विटकरी स्वेटर. "चल," म्हणाले. कुठे, ते मी विचारलं नाही.

पाटीवर नवीन ओळ होती: "मटार संपत आला. उद्यापासून करंजी नाही. कारण विचारू नये." काकू काउंटरमागे उभ्या होत्या. बाबा बाकावर बसले नाहीत. सरळ समोर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं. आधी नाव, मग वडिलांचं नाव, मग आडनाव, प्रत्येक शब्द सुटा, एखाद्या कचेरीत हजेरी द्यावी तसं. आडनावावर जरा जास्तच जोर होता. "मी विमलचा नवरा," ते म्हणाले.

"माहीत आहे," काकू म्हणाल्या. "बसा."

"बसायला नाही आलो." त्यांनी पिशवीतून पुस्तक काढून काउंटरवर ठेवलं. काकूंनी ते उघडलं, खुणेपाशी बोट ठेवलं, आणि पहिल्यांदाच मला त्यांचा चेहरा म्हातारा दिसला.

"सत्तर पानं राहिली होती," त्या म्हणाल्या.

बाबा घसा खाकरून म्हणाले, "ती कुठे बसायची?"

काकूंनी फळी वर उचलली. बाबांनी चपला काढल्या, एकीला एक लावून नीट ठेवल्या. फळीपाशी ते थबकले. मागून मला त्यांची पाठ तेवढी दिसत होती, स्वेटरखाली ताठ झालेली. अख्खा जन्म त्यांनी कुणाच्या स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला नव्हता. मला वाटलं, म्हणावं, बाबा, नको, चला घरी. मला वाटलं, म्हणावं, जा ना. दोन्ही वाक्यं माझ्या तोंडात एकदमच आली, त्यामुळे एकही बाहेर पडलं नाही. मग ते आत गेले. पाट सरकल्याचा आवाज आला. काकू म्हणाल्या, "इकडे नाही, तो. भिंतीकडचा." मग काकूंचा आवाज, सपाट, न थांबता चाललेला. त्या वाचून दाखवत होत्या.

मी बाहेर काउंटरशी उभी होते. आत जावं का? तिथे पाट दोनच होते. घरी निघून जावं का? पाय निघेना. कढईतलं तेल तापल्याचा वास यायला लागला होता, परातीत भरलेल्या करंज्या ओल्या फडक्याखाली वाट बघत होत्या, आणि आत कुणालाही त्यांची घाई दिसत नव्हती. रस्त्यावरून शाळेच्या रिक्षा चालल्या होत्या. एक बाई पिशवी सावरत आल्या, पाटीकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं.

"करंज्या झाल्या का हो? आज शेवटच्या ना?"

मी दुकानाची नाही, हे सांगायला तोंड उघडलं. "पाच मिनिटं थांबा," मी म्हटलं. "आत चालू आहेत."

त्या बाकावर बसल्या. मला नीट न्याहाळून म्हणाल्या, "तुम्हाला आधी इथे बघितलं नाही. काकूंच्या कोण तुम्ही?"

आतलं वाचन त्याच क्षणी पान उलटायला थांबलं होतं. मला माहीत होतं की आत दोघांनाही ऐकू जातंय.

"मी विमलची मुलगी," मी म्हटलं.

"अच्छा, अच्छा," बाईंनी मान डोलावली, विमल कोण हे या गल्लीत सगळ्यांना ठाऊकच असावं, तशी.